तीन पत्ती : काकूला एका रात्रीत दोनदा ट्रेल लागली, हे शक्य आहे का?

गेल्या गणपतीत आमच्या घरी तीन पत्तीवरून भांडण झालं. भांडण म्हणजे आवाज वगैरे चढले नाहीत, पण काकू पत्ते खाली ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीपर्यंत माझ्या धाकट्या चुलत भावाशी एक शब्द बोलली नाही.

झालं असं. आमचा गणपती कोकणात, गावच्या घरी, सात दिवसांचा. गौरीपूजनाच्या रात्री झिम्मा-फुगड्या असतात, तेवढी एक रात्र सोडली तर बाकी पाच रात्री भजन संपलं की माजघरात सतरंजी अंथरून पत्ते. पैसे लावायचे नाहीत हा आजीचा नियम. तिच्याकडे चिंचोक्यांचा एक जुना डबा आहे, त्यातून प्रत्येकाला मोजून पन्नास. तिसऱ्या रात्री काकूला तीन गुलाम आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तासाभराने तिलाच तीन छक्क्या आल्या, आणि या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. भाऊ हसत हसत म्हणाला, "काकू, पिसताना काहीतरी करतेस तू." त्याच्या दृष्टीने ती गंमत होती. काकूच्या दृष्टीने ती गणपतीसमोर बसून केलेल्या लबाडीचा आरोप होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, लॅपटॉप सोबत होता. त्या रात्री झोप येईना, म्हणून हिशेब करायला बसलो. तोच इथे मांडतो. तुमच्याही घरी दिवाळीत नाहीतर गणपतीत अशी एखादी काकू असेलच.

आधी एकूण हात मोजू

बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून तीन पत्ते उचलायचे तर किती वेगवेगळे हात होऊ शकतात? पहिला पत्ता ५२ पैकी कोणताही, दुसरा उरलेल्या ५१ पैकी, तिसरा ५० पैकी. गुणाकार १,३२,६००. पण हातात आलेल्या पत्त्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो, आणि तीन पत्ते सहा क्रमांनी येऊ शकतात. म्हणून भागिले ६. उत्तर २२,१००. तीन पत्तीचं सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे.

या २२,१०० हातांची वाटणी अशी होते :

ट्रेल (तिन्ही सारखे) : ५२ हात, म्हणजे ४२५ मध्ये एकदा
प्युअर सिक्वेन्स : ४८ हात, साधारण ४६० मध्ये एकदा
साधी सिक्वेन्स : ७२० हात, साधारण ३१ मध्ये एकदा
कलर : १,०९६ हात, साधारण २० मध्ये एकदा
जोडी : ३,७४४ हात, साधारण सहात एकदा
बाकी सगळं, म्हणजे नुसतं मोठं पान : १६,४४० हात, शंभरात ७४ वेळा

पहिल्या दोन ओळी पुन्हा बघा. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी ट्रेल तिला मारते. मला स्वतःला हे त्या रात्रीच कळलं, इतकी वर्षं खेळून. म्हणजे हातांची उतरंड निव्वळ दुर्मीळपणावर लावलेली नाही. तीन एक्के दिसायला भारी दिसतात, एवढंच कारण असावं असं माझं मत. (एक्का-दुर्री-तिर्री धरून सिक्वेन्स बारा होतात, चार रंगांच्या अठ्ठेचाळीस. तुमच्याकडे एक्का-दुर्री-तिर्री धरत नसतील तर प्युअर सिक्वेन्स आणखी दुर्मीळ.)

आणि शेवटची ओळ. चारपैकी तीन वेळा तुमच्या हातात काहीही नसणार आहे. "आज माझं नशीबच नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचा हात बहुतेक वेळा अगदी सर्वसाधारण असतो.

मग काकूचं काय?

आता मुख्य मुद्दा. भावाच्या डोक्यात गणित असं होतं : ट्रेल ४२५ मध्ये एकदा, तर दोनदा म्हणजे ४२५ गुणिले ४२५, एक लाख ऐंशी हजारांत एकदा. अशी गोष्ट घडली म्हणजे काहीतरी गडबड आहे. आकडा बरोबर, प्रश्न चुकीचा. काकूला त्या रात्री दोनच हात वाटले असते आणि दोन्ही ट्रेल निघाल्या असत्या, तर त्याचं म्हणणं पटलं असतं. पण आम्ही रात्री साडेदहा ते दीडपर्यंत खेळलो, साधारण ६० डाव. म्हणजे काकूला ट्रेल लागायच्या ६० संधी होत्या. साठ हातांत दोन किंवा जास्त ट्रेल लागण्याची शक्यता काढली तर येते ०.९ टक्के. शंभर रात्रींत एकदा.

अजूनही कमीच वाटते ना? थांबा. काकूलाच का धरायचं? त्या जागी आत्या असती, मोठे काका असते, मी असतो, तरी भावाने संशय घेतलाच असता. खेळायला सहा जण होते. सहापैकी कुणालाही एका रात्रीत दोन ट्रेल लागण्याची शक्यता ५.३ टक्के. आणि तिसरीच रात्र का? पाचही रात्री आम्ही खेळणार होतो. पाच रात्रींत, सहापैकी कुणालातरी, एखाद्या रात्री दोन ट्रेल लागणं, याची शक्यता जवळपास २४ टक्के.

चारात एक! एक लाख ऐंशी हजारांत एक ते चारात एक, आणि मधल्या वेळात कुणीही लबाडी केलेली नाही. फक्त प्रश्न नीट विचारला. आपण घडलेली गोष्ट आधी बघतो आणि मग "नेमकी हीच गोष्ट घडण्याची शक्यता किती" असं विचारतो. आपल्याला चकित करू शकल्या असत्या अशा बाकीच्या गोष्टी मोजायला विसरतो.

कागदावरच्या हिशेबात मी एक सोय करून घेतली आहे. प्रत्येकाचा हात दुसऱ्यापासून स्वतंत्र धरलाय. खरं तर एकाच कॅटमधून पत्ते जातात, त्यामुळे किंचित फरक पडतो. म्हणून पायथॉनमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला, सहा जणांना साठ डाव वाटायचे, अशा लाखो रात्री फोनच्या चार्जरएवढ्या विजेत खेळून टाकल्या. उत्तर कागदाच्या आजूबाजूलाच आलं.

जोडी आली की उड्या मारू नका

हिशेब करता करता दुसरी एक गोष्ट सापडली, ती खेळायला जास्त उपयोगाची आहे.

सगळे २२,१०० हात लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत लावले तर बरोबर मधोमध कोणता हात येईल? राजा-दश्शी-दुर्री. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याने पत्ते पाहिले नसतील, तर राजा-दश्शीवर तुमची निम्म्याने जिंकायची शक्यता आहे. त्याहून मोठं पान असेल तर पारडं तुमच्याकडे.

पण माणसं वाढली की हा मधला हात झपाट्याने वर सरकतो. तिघे खेळत असतील आणि सगळे शेवटपर्यंत थांबले, तर निम्मी शक्यता मिळायला एक्का-राणी लागते. चौघे असतील तर पंजीची जोडी. पाच जणांत नव्वीची जोडी. आणि आमच्यासारखे सहा असतील तर गुलामाची जोडी! सत्तीची जोडी घेऊन एकटा मोठ्या काकांसमोर बसलो तर शंभरात ८२ वेळा मी जिंकेन. तीच जोडी, तेच पत्ते, पण पाच जण समोर आहेत आणि कुणीच पॅक करत नाही, तर शंभरात जेमतेम ३६ वेळा. कारण सहा जणांच्या डावात कुणाकडेच जोडी किंवा त्याहून चांगलं काही नाही, असं शंभरात फक्त १७ वेळा होतं.

म्हणून पत्ते उचलल्यावर आधी माणसं मोजा. अजून किती जण डावात आहेत, आणि त्यातले किती जण पत्ते बघून चाल खेळतायत. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण वरचे सगळे आकडे न पाहिलेल्या हातांचे आहेत. पत्ते पाहूनही जो चाल देतोय त्याचा हात आता सरासरी राहिलेला नसतो. (आमच्या आत्याला हे लागू नाही. ती चव्वीवरसुद्धा चाल देते.)

ब्लाइंड खेळण्यात शहाणपण आहे का, हा दर वर्षीचा वाद. आहे, थोडं. ब्लाइंड खेळणारा पत्ते बघितलेल्याच्या निम्मे चिंचोके टाकतो. पॉटमध्ये ३० आहेत आणि तुम्हाला थांबायला १० टाकावे लागतायत, तर चारपैकी एकदा जिंकलात तरी बरोबरीत सुटता. ५ मध्ये थांबता येत असेल तर सातपैकी एकदा पुरे. स्वस्तात थांबायला मिळतं, हा ब्लाइंडचा खरा फायदा. पत्ते न बघितल्याने ते चांगले होत नाहीत, हे मोठ्या काकांना मी अजून पटवू शकलेलो नाही.

भावाचा संशय एका बाबतीत रास्त होता

पिसण्याच्या बाबतीत. काकू मुद्दाम काही करत नव्हती, पण पिसत नीट नव्हती. आम्ही कुणीच पिसत नव्हतो.

डाव संपला की प्रत्येक जण आपले तीन पत्ते एकावर एक ठेवून मध्ये सरकवतो. काकूचे तीन गुलाम असेच एकत्र गठ्ठ्यात गेले. नंतर आपण काय करतो? वरचे थोडे पत्ते उचलून खाली, पुन्हा थोडे उचलून खाली, असं चार-पाचदा. यात आतले लहान गठ्ठे तुटतच नाहीत. वाटताना एकेक पत्ता फिरवत वाटला तर चिकटलेले तीन गुलाम तीन वेगवेगळ्या माणसांकडे जातात आणि काही बिघडत नाही. पण रात्री उशिरा सगळे कंटाळतात आणि कुणीतरी घाईने तीन-तीन पत्ते एकदम वाटायला लागतं. तसं झालं की मागच्या डावातला हात जसाच्या तसा दुसऱ्याच्या मांडीवर पडू शकतो. मग ४२५ वगैरे विसरा.

कॅटचे दोन भाग करून त्यांची टोकं एकमेकांत फरफर सोडत मिसळायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की या पद्धतीने ५२ पत्ते बऱ्यापैकी मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. ते जमत नसेल तर लहान मुलं करतात ते करा. सगळे पत्ते सतरंजीवर उलटे पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर कालवा. दिसायला गावठी, पण काम चोख.

फोन पत्ते कसा पिसतो? चांगल्या प्रोग्राममध्ये फिशर-येट्स नावाची पद्धत असते. १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी सांगितलेली ही युक्ती आता संगणकावर वापरतात. ५२ पैकी कोणताही एक पत्ता निवडा, शेवटच्या जागेवर ठेवा, त्याला विसरा. उरलेल्या ५१ मधून एक निवडा, शेवटून दुसऱ्या जागेवर. असं खाली खाली या. सगळे क्रम समान शक्यतेने मिळतात.

यात एक छोटी चूक अगदी सहज होते. कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये मी ती केली होती. प्रत्येक वेळी उरलेल्यातून निवडायच्या ऐवजी पुन्हा पूर्ण ५२ मधून निवडायचं आणि अदलाबदल करायची. वाटतं की जास्तच मिसळेल. तीनच पत्ते घेऊन बघा. तीनदा तीनपैकी एक निवडलं, म्हणजे २७ वाटा. पत्त्यांचे क्रम मात्र सहा. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच.

ही चूक फक्त असाइनमेंटपुरती राहत नाही. १९९९ मध्ये ऑनलाइन पोकरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये पिसण्याचा कोड असाच सदोष निघाला होता. त्याहून मोठी गडबड म्हणजे ते सॉफ्टवेअर मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून पत्ते पिसायला सुरुवात करायचं. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. ऐकायला खूप वाटतात, पण ५२ पत्त्यांचे एकूण क्रम लिहायला ६८ अंकी संख्या लागते. संगणक सुरक्षेच्या तज्ज्ञांनी टेबलावरचे थोडे पत्ते बघून सगळ्यांच्या हातातले पत्ते ओळखून दाखवले.

चिंचोके मोजा

चौथ्या दिवशी सकाळी हे सगळं भावाला दाखवलं. त्याने २४ टक्क्यांवर बराच वेळ बघितलं आणि मग हळू आवाजात एक वेगळीच गोष्ट सांगितली. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पैसे लावून खेळायच्या एका ॲपवर उन्हाळ्यात त्याने मेसचे आठ हजार घालवले होते. सुरुवातीला जिंकला, म्हणून काकूसारखं आपलंही नशीब आहे असं वाटलं. नंतर "इतके डाव काही आलं नाही, आता कलर लागणारच" म्हणून खेळत राहिला. कलर वीसात एकदा, पण सलग वीस डाव एकही कलर न लागण्याची शक्यता ३६ टक्के आहे, आणि एकविसाव्या डावाला आधीच्या वीसांची आठवण नसते. कॅट दर वेळी नवीनच पिसला जातो.

तरी मला वाटतं त्याचा खरा तोटा वेगळ्याच गोष्टीने झाला. आमच्याकडे रात्री आजी चिंचोके मोजून डब्यात भरते. सहा जणांना पन्नास दिले, तर तीनशे परत यायला हवेत. येतातही. (एकदा २९९ आले, तो एक पुतण्याने चघळला होता.) कुणी हरलं, कुणी जिंकलं, डब्यातलं कमी झालं नाही. ॲपवर प्रत्येक पॉटमधून ॲपचा वाटा कापला जातो. समजा सहा जण प्रत्येकी ५०० रुपये घेऊन बसले, सरासरी पॉट १०० चा आणि त्यातून ५ रुपये कापले जातात. अशा ६०० डावांत सगळ्यांचे मिळून ३,००० रुपये संपले. कुणीही जिंकलेलं नाही, कुणीही लबाडी केलेली नाही. आमच्या माजघरात ६०० डाव व्हायला दहा रात्री लागतील. फोनवर मिनिटाला एक डाव धरला तर दहा तास.

सुप्रीम कोर्टाने १९६७ च्या एका निकालात रमीला कौशल्याचा खेळ मानलं होतं आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने तो फरकही बाजूला ठेवला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवण्यावरच बंदी घातली. गणेश चतुर्थीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. भाऊ म्हणाला, ॲप बंद झालं तेव्हा त्याच्या वॉलेटमध्ये एकशे दहा रुपये उरले होते.

फुकट चिप्सवाले ॲप अजून आहेत. तिथे शिकायला हरकत नाही, फक्त तिथल्या लोकांवरून अंदाज बांधू नका. हरायला काही नसलं की सगळेच ब्लाइंडवर ब्लाइंड टाकत बसतात.

दुपारच्या आरतीनंतर भाऊ लॅपटॉप घेऊन काकूकडे गेला. "काकू, बघ, यात चारात एक येतंय." काकूने स्क्रीनकडे बघितलं, हात पुसले आणि विचारलं, "मग मला परत कधी लागेल?"

"कधीही. दर डावाला ४२५ मध्ये एकदा."

"म्हणजे आज पण?"

"आज पण."

रात्री पत्ते भावाने सतरंजीवर पसरून कालवले आणि एकेक करून वाटले. साठेक डाव झाले, ट्रेल कुणालाच लागली नाही. सहा जणांच्या रात्रीत असं होण्याची शक्यता ४३ टक्के आहे.